परदेशात राहताना पारपत्राचे नूतनीकरण : झाशीच्या दतिया गेटपासून दूतावासापर्यंत

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील अनेक दरवाजांची नावे त्यांतून बाहेर पडणाऱ्या वाटांवरून पडलेली आहेत. ओरछा गेट, सागर गेट यांप्रमाणेच दतिया गेट हे त्यांपैकी एक. दतिया हे गाव झाशीपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, आजच्या मध्य प्रदेशात आहे. अठराव्या शतकात झाशी मराठ्यांच्या अमलाखाली आली. १७४२ मध्ये नारोशंकर यांनी येथे कारभार सुरू केला व पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली. त्या काळात दक्षिणेतून गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही कुटुंबे झाशीतच कायमची स्थायिक झाली.

या तटबंदीच्या आतील घरांतून आता अमेरिका, जर्मनी, कॅनडा किंवा आखाती देशांकडे वाटा फुटतात. शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणाच्या पारपत्र अर्जावर कायमचा पत्ता म्हणून झाशीतील घराची नोंद होते. पारपत्राची मुदत दहा वर्षांची असल्याने ही नोंद सहसा विसरली जाते. मुदत संपत आली, की मात्र तो पत्ता, त्या घरातील कागदपत्रे आणि परदेशातील वास्तव्याचा हक्क या तिन्ही गोष्टी एकाच अर्जात एकत्र येतात. भारतीय पारपत्र हे भारतात ओळखीचे व प्रवासाचे साधन आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीयासाठी ते त्याच्या कायदेशीर वास्तव्याचा पायाही आहे.

नूतनीकरण म्हणजे नवी पुस्तिका

बोलीभाषेत 'पासपोर्ट रिन्यू करणे' असे म्हटले जात असले, तरी मुदत संपत आलेल्या भारतीय पारपत्रावर नवी तारीख टाकून दिली जात नाही. अर्जदाराला नवी पुस्तिका दिली जाते व तिचा क्रमांकही नवा असतो. अधिकृत अर्जावर म्हणूनच 'पुनर्वितरण' या अर्थाचा शब्द वापरलेला असतो. जुनी पुस्तिका रद्द करून सामान्यतः अर्जदाराला परत केली जाते.

क्रमांक बदलतो ही बाब किरकोळ वाटते, परंतु परदेशातील बँक, नोकरी, विमा आणि निवास परवाना यांच्या नोंदी जुन्या क्रमांकाशी जोडलेल्या असतात. त्यामुळे रद्द झालेली पुस्तिका टाकून देऊ नये. तिच्यावर एखाद्या देशाचा मुदत शिल्लक असलेला व्हिसा असू शकतो. उदाहरणार्थ, अमेरिकेचा वैध व्हिसा रद्द झालेल्या पारपत्रावर असला आणि व्हिसाचे पान खराब झालेले नसले, तर जुनी व नवी अशी दोन्ही पारपत्रे सोबत ठेवून प्रवास करता येतो.

भारतीय पारपत्राच्या पुस्तिका नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात तयार होतात. इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या ई-पारपत्राचा प्रायोगिक प्रारंभ एप्रिल २०२४ मध्ये नागपूर आणि भुवनेश्वर येथून झाला. ई-पारपत्र आले म्हणून जुन्या पद्धतीचे पारपत्र बाद होत नाही. त्यावर छापलेल्या तारखेपर्यंत ते वैध राहते.

वैध तारीख असूनही पारपत्र निरुपयोगी ठरू शकते, याचा अनुभव मात्र २०१५ मध्ये आला. नव्वदच्या दशकात काही भारतीय पारपत्रे हाताने लिहून, वीस वर्षांच्या मुदतीने देण्यात आली होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यंत्राद्वारे वाचता न येणारी पारपत्रे २४ नोव्हेंबर २०१५ पर्यंत वापरातून काढण्याची मुदत ठरवली होती. त्या तारखेनंतर इतर देश अशा पारपत्रांवर व्हिसा किंवा प्रवेश नाकारू शकत होते. त्यामुळे मुदत शिल्लक असतानाही परदेशस्थ भारतीयांना नव्या पारपत्रासाठी अर्ज करावे लागले.

दोन तारखांचे गणित

परदेशात राहणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत दोन तारखा महत्त्वाच्या असतात. पहिली, पारपत्र ज्या दिवशी संपते ती. दुसरी, त्या देशाने राहण्याची परवानगी ज्या दिवसापर्यंत दिली आहे ती. पहिली तारीख भारत सरकार ठरवते, दुसरी यजमान देश. बहुतेक अडचणी या दोन तारखा स्वतंत्र आहेत असे समजल्याने उद्भवतात.

दतिया गेट परिसरातील एका कुटुंबाचा मुलगा संगणक अभियंता म्हणून एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेला आहे, असे उदाहरण घेऊ. त्याच्या कंपनीला त्याच्यासाठी तीन वर्षांची मंजुरी मिळाली आहे. सुट्टीत झाशीला येऊन तो परत जातो, तेव्हा त्याच्या पारपत्राची चौदा महिन्यांचीच मुदत उरलेली असते. विमानतळावरील अधिकारी अशा वेळी त्याला तीन वर्षांऐवजी पारपत्राच्या अखेरच्या तारखेपर्यंतच प्रवेश देऊ शकतो. ही तारीख 'आय-९४' या नोंदीत दिसते. २०१३ पासून विमानतळांवर ही नोंद प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक स्वरूपात होत असल्याने ती संकेतस्थळावर जाऊन पाहावी लागते. हातात कागद मिळत नाही म्हणून अनेकजण ती पाहतच नाहीत.

सहा महिन्यांनी हा अभियंता वाणिज्य दूतावासाकडून नवे पारपत्र घेतो आणि आपले काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात केवळ नवे पारपत्र मिळाल्याने 'आय-९४' वरील तारीख पुढे जात नाही. तिची मुदत संपण्यापूर्वी एकतर देशाबाहेर जाऊन नव्या पारपत्रावर पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो, किंवा कंपनीमार्फत मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. यांपैकी काहीच केले नाही, तर कंपनीची मंजुरी शिल्लक असूनही तो नकळत बेकायदा वास्तव्य करू लागतो. अमेरिकी कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक काळ असे वास्तव्य करून देश सोडणाऱ्या प्रौढ व्यक्तीवर तीन वर्षांची, तर एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहिलेल्या व्यक्तीवर दहा वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. एका न पाहिलेल्या तारखेपायी नोकरी, घर आणि मुलांची शाळा हे सर्व धोक्यात येते.

म्हणूनच मुदत संपण्याची वाट पाहणे हिताचे नसते. भारतीय पारपत्राच्या पुनर्वितरणासाठी मुदतीच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. भारतात सुट्टीवर येण्याचा बेत असेल, तर परतीच्या प्रवासापूर्वी नवे पारपत्र हाती असणे सर्वांत सोयीचे ठरते.

मुलांच्या पारपत्रांकडे दुर्लक्ष

कुटुंबासह राहणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रौढांचे पारपत्र दहा वर्षांचे असले, तरी लहान मुलांचे पारपत्र पाच वर्षांचे किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंतचे, यांपैकी जी तारीख आधी येईल तेवढ्याच मुदतीचे असते. १५ ते १८ वयोगटातील मुलांना दहा वर्षांच्या पारपत्राचा पर्याय उपलब्ध आहे. आईवडिलांची मुदत शिल्लक असताना मुलीचे पारपत्र मध्येच संपते आणि तिच्या निवास परवान्याची तारीखही त्यानुसार अलीकडे आलेली असते. घरातील प्रत्येक सदस्याच्या दोन्ही तारखा स्वतंत्रपणे लिहून ठेवणे हा यावरील साधा उपाय आहे.

अल्पवयीन मुलांच्या अर्जासाठी सर्वसाधारणपणे आई आणि वडील दोघांची संमती लागते. एक पालक भारतात व दुसरा परदेशात असेल, तर संमतीपत्राची तयारी आधीपासून करावी लागते.

देशोदेशीचे नियम

अमेरिकेखेरीज इतर देशांतही पारपत्र आणि वास्तव्य यांचा संबंध घट्ट आहे. कॅनडामध्ये शिक्षणाचा किंवा कामाचा परवाना पारपत्राच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. पारपत्राचे एक वर्ष उरले असेल, तर तीन वर्षांच्या कामासाठीही परवाना एकाच वर्षाचा मिळू शकतो. जर्मनीत परकीय नागरिकाने वैध पारपत्र बाळगणे हे कायद्याने बंधनकारक आहे. नवे पारपत्र आल्यावर तेथील परकीय नागरिक कार्यालयाकडे जाऊन निवास परवान्याची नोंद अद्ययावत करून घ्यावी लागते.

ब्रिटनमध्ये निवासाची प्लास्टिक कार्डे बंद करून इलेक्ट्रॉनिक नोंदीची पद्धत स्वीकारण्यात आली. त्यांतील बहुसंख्य कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. आता वास्तव्याचा हक्क ऑनलाइन खात्यात नोंदलेला असतो व ते खाते पारपत्राच्या क्रमांकाशी जोडलेले असते. नवे पारपत्र मिळाल्यावर त्याचा क्रमांक खात्यात भरला नाही, तर विमानात बसण्यापूर्वीच्या तपासणीत अडथळा येऊ शकतो.

यावरून एक सर्वसाधारण नियम निघतो. दूतावासातून नवी पुस्तिका मिळाली, की अर्धे काम झालेले असते. उरलेले अर्धे काम यजमान देशाच्या कार्यालयात करावयाचे असते.

अर्ज परदेशात, पडताळणी घरी

परदेशातील अर्ज त्या त्या भागाच्या भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे करावा लागतो. कोणते कार्यालय हे अर्जदाराच्या तेथील निवासस्थानावरून ठरते. अनेक देशांत अर्ज स्वीकारणे, शुल्क घेणे आणि पारपत्र परत पाठवणे ही कामे खाजगी सेवासंस्थांकडे सोपवलेली आहेत. निर्णय मात्र दूतावासाचाच असतो. अर्ज भरण्यापूर्वी दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून पत्ता घेणे इष्ट असते, कारण सरकारी भासणारी आणि जादा पैसे घेणारी बनावट संकेतस्थळेही आढळतात.

अर्जात परदेशातील सध्याचा पत्ता व भारतातील कायमचा पत्ता असे दोन्ही विचारले जातात. आवश्यकता वाटल्यास पारपत्र देण्यापूर्वी किंवा दिल्यानंतर भारतातील पोलिसांकडून पडताळणी करून घेतली जाते. झाशी जिल्हा लखनौ येथील प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतो. अर्ज अमेरिकेत केलेला असला, तरी चौकशीसाठी पोलीस कर्मचारी दतिया गेटजवळच्या घराचे दार वाजवू शकतो, तो यामुळेच.

त्या वेळी घरी बहुधा वृद्ध आईवडीलच असतात. मुलाने पूर्वकल्पना दिलेली नसेल, तर पोलीस दारात पाहून ते गोंधळतात, उत्तरे अपुरी दिली जातात किंवा घराला कुलूप असते. 'दिलेल्या पत्त्यावर आढळले नाही' असा शेरा गेला, की परदेशातील अर्ज रखडतो. हे टाळण्यासाठी अर्ज करतानाच घरी कळवावे. मुलाच्या जुन्या पारपत्राची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला आणि घराच्या पत्त्याचा पुरावा एका ठिकाणी ठेवावा. मुलगा कोणत्या देशात, किती वर्षांपासून आहे हे शेजाऱ्यांनाही ठाऊक असल्यास चौकशी सुलभ होते. या पडताळणीसाठी अर्जदाराने अथवा कुटुंबीयांनी कोणतेही वेगळे शुल्क देण्याची आवश्यकता नसते.

घर विकले गेले असेल किंवा आईवडील दुसऱ्या गावी राहावयास गेले असतील, तर जुनाच पत्ता पुढे चालू ठेवू नये. पत्ता बदलल्यास काही कागदपत्रे वाढतात. परंतु ज्या घरी आपले कोणी राहत नाही, त्याचा पत्ता देण्याने होणारा विलंब त्याहून मोठा असतो.

नावाची मांडणी

पारपत्रावर नावाचे दोनच मुख्य रकाने असतात : आडनाव आणि दिलेले नाव. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे लिहिण्याची रीत आहे. उत्तर भारतातील शालेय प्रमाणपत्रांत वडिलांचे नाव बहुधा स्वतंत्र रकान्यात असते. त्यामुळे झाशीत शिकलेला भाऊ आणि पुण्यात शिकलेली बहीण यांच्या कागदपत्रांत नावाची मांडणी वेगवेगळी आढळू शकते. शिवाय 'व' हे अक्षर रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते, ही मराठी आडनावांच्या बाबतीत नेहमीची अडचण आहे.

पुनर्वितरणाच्या वेळी जुन्या पारपत्रावरील वर्णांतर जसेच्या तसे ठेवणे हा सुरक्षित मार्ग आहे. विवाहानंतर नाव बदलावयाचे असल्यास त्याचा परिणाम निवास परवाना, बँक खाते आणि पदवी प्रमाणपत्र या सर्वांवर होईल हे ध्यानात घ्यावे. आडनावाचा रकाना रिकामा ठेवणेही अडचणीचे ठरू शकते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पारपत्रावर एकच नाव असलेल्या पर्यटक व्हिसाधारकांना प्रवेश न देण्याचे धोरण जाहीर केले होते.

आखातातील कामगारांचा प्रश्न

आखाती देशांत काम करणाऱ्यांची अडचण काहीशी निराळी असते. तेथे पारपत्र मालकाने स्वतःकडे ठेवून घेण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. पारपत्र हाती नसेल, तर त्याची मुदत कधी संपते हेही कामगाराला ठाऊक नसते. कतारने २०१५ च्या कायद्याने मालकांना निवास परवान्याचे काम पूर्ण होताच पारपत्र कामगाराला परत करणे बंधनकारक केले. भारतीय कायद्यातही याविषयी स्पष्ट तरतूद आहे. पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम १७ नुसार पारपत्र ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. मालक ते अडवून ठेवत असल्यास कामगार भारतीय दूतावासाकडे दाद मागू शकतो.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर, ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना स्थलांतर तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. दहावी उत्तीर्ण झाल्यास, किंवा परदेशात तीन वर्षांहून अधिक काळ वास्तव्य झाल्यास, पुनर्वितरणाच्या वेळी पुरावे देऊन ही नोंद काढून घेता येते. कामगारांनी ही संधी दवडू नये.

पारपत्र हरवल्यास किंवा नाकारल्यास

परदेशात पारपत्र हरवल्यास प्रथम स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी व त्यानंतर दूतावासाला कळवावे. हरवल्याची नोंद झालेले पारपत्र नंतर सापडले, तरी त्यावर प्रवास करू नये, कारण तो क्रमांक रद्द झालेला असतो. घरी तातडीने परतावयाचे असेल आणि नव्या पारपत्रासाठी वेळ नसेल, तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. ते केवळ भारतात येण्यासाठी, एकाच वेळच्या प्रवासापुरते असते. त्यावर पुन्हा नोकरीच्या देशात जाता येत नाही. आजारी आईवडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या व्यक्तीने ही मर्यादा आधी समजून घ्यावी.

पारपत्र देणे ही पूर्वी सरकारच्या मर्जीची बाब मानली जात असे. सतवंतसिंग साहनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये परदेशप्रवासाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी संसदेने पारपत्र अधिनियम संमत केला. पुढे मनेका गांधी प्रकरणात जानेवारी १९७८ मध्ये, बाजू मांडण्याची संधी न देता पारपत्र जप्त करणे योग्य नाही, हे तत्त्व न्यायालयाने प्रस्थापित केले. पारपत्र नाकारण्याची किंवा जप्त करण्याची कारणे कायद्यात नमूद आहेत. प्रलंबित फौजदारी खटला किंवा न्यायालयाचे वॉरंट हे त्यांपैकी आहे. अशा आदेशाविरुद्ध अपिलाचीही तरतूद आहे. झाशीत एखादा खटला प्रलंबित असेल, तर अर्जात तो लपवू नये. माहिती दडवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

नागरिकत्व बदलल्यानंतर

परदेशात अनेक वर्षे राहिल्यावर काहीजण तेथील नागरिकत्व स्वीकारतात. भारतीय कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर भारतीय पारपत्राची मुदत शिल्लक असली, तरी ते वापरता येत नाही व त्याचे नूतनीकरणही करता येत नाही. ते दूतावासाकडे परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

अशा व्यक्तींसाठी 'ओसीआय' कार्डाची योजना आहे. निवृत्तीनंतर झाशीला परतून राहणाऱ्या ओसीआय कार्डधारकाच्या बाबतीत चित्र उलटे होते : त्याचे परदेशी पारपत्र आता त्या देशाच्या भारतातील दूतावासामार्फत नवे करावे लागते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने याबाबतचे नियम सोपे केले. वयाच्या २० वर्षांपूर्वी कार्ड घेतलेल्यांना, २० वर्षे पूर्ण झाल्यानंतर नवे पारपत्र मिळाल्यावर एकदाच कार्ड बदलून घ्यावे लागते. २० वर्षांपर्यंत प्रत्येक नव्या पारपत्राच्या वेळी, आणि ५० वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा, पारपत्राची प्रत व छायाचित्र ऑनलाइन सादर करावे लागते. त्यासाठी पारपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे.

परदेशात असलेल्या प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा सर्व सदस्यांची पारपत्रे आणि निवास परवाने समोर ठेवून तारखा तपासाव्यात. पारपत्राची एक वर्षाची मुदत उरली, की अर्ज करावा. अर्ज केल्याचे त्याच दिवशी घरी कळवावे, आणि नवी पुस्तिका मिळाल्यावर यजमान देशाच्या नोंदीतील तारीख पुढे गेली आहे, याची खात्री करून घ्यावी.